शनिवारच्या चुका

मंगळवारी साडेदहाला शाळेची घंटा झाली. तुम्ही आला नव्हता. अकराला मुख्याध्यापकांना तुमच्या मुलाचा फोन आला. पहाटे तुमच्या छातीत दुखलं. उमरखेडहून नांदेडला नेत असताना रस्त्यात तुम्ही गेलात. साडेअकराला शाळा सोडली. माझी समता घरी आली, दप्तर खुंटीला लावलं आणि आईला म्हणाली, "मॅडम वारल्या म्हणे." मला हे बारा वाजता उमरखेडला, कॉलेजच्या ग्रंथालयात, फोनवर कळलं. समोर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला तिचं पुस्तक काढून दिलं, नोंद केली आणि मग मी खुर्चीत बसलो.

आज त्याला बारा दिवस झाले. मधे शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही वाचणारे माणूस, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो आणि काही न बोलता खाली बसलो. इतरांनी तुमची नोकरी किती वर्षांची, बदल्या कुठं कुठं झाल्या, ते सांगितलं. त्यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं. मला तुमच्याबद्दल जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं दुसरीच्या वर्गाच्या दारात घडलेलं आहे, जून ते जानेवारी. त्यातली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. ती सांगायची राहिली म्हणून हे लिहितो आहे.

जूनमध्ये तुम्ही ढाणकीहून बदलून आमच्या गावात आलात आणि लगेच पालकसभा बोलावली. वर्गात तेवीस मुलं, सभेला सतरा-अठरा पालक. सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. तांड्यावरच्या बायाही आल्या होत्या, कारण आदल्या दिवशी तुम्ही स्वतः तांड्यावर जाऊन त्यांच्याशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत बोलला होता. तुम्ही स्वतः तांड्यावर वाढलेल्या आहात हे मला तेव्हा कळलं. याआधीच्या सभांमध्ये आम्हाला नेहमी एकच ऐकायला मिळायचं, घरी अभ्यास घेत जा. ते ऐकलं की अर्धे पालक मान खाली घालायचे आणि पुढच्या सभेला यायचे नाहीत. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत.

"दुसरीत या आठवड्यात काय चाललं आहे ते मी दर सोमवारी दारावरच्या पाटीवर लिहीन," तुम्ही म्हणालात. "ज्याले वाचता येत नाही त्याले पोरं सांगतील. शिकवायचं काम माझं. तुमचं काम एकच. आठवड्यातून एकदा पोरासमोर चुकायचं."

मग अंकुशच्या आईनं, कमळीबाईनं विचारलं, "मंजे?"

"मंजे मुद्दाम चुकायचं. पाटीवर मी जी चूक लिहीन तीच. पोरानं धरली तं शनिवारी येऊन मले सांगायचं, धरली. नाही धरली तं सांगायचं, नाही धरली. बस."

"बापा!" कमळीबाई म्हणाली. "चुकाचंच असन तं मी पयल्या नंबरानं पास होतो, मॅडम. मले मुद्दाम कराची गरजच नाई."

सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "पण कमळीबाई, माझी चूक करायची. तुमची नाही."

पहिली पाटी मला अजून पाठ आहे. या आठवड्यात: दशक आणि एकक. घरी: 'सदतीस' म्हणा आणि ७३ लिहा. त्याखाली बारीक अक्षरात: लिहिता येत नसेल तर काड्यांचे सात गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, हे सदतीस. पुढच्या आठवड्यात मोजमाप आलं: खाट वितीनं मोजा, पण दोन वितींच्या मधे थोडी जागा सोडत चला. वाचनाच्या आठवड्यात: पुस्तकातलं चित्र पाहून गोष्ट सांगा आणि चित्रात नसलेलं एक जनावर घाला. गावात त्या आठवड्यात इतके वाघ आणि हत्ती निघाले की सलीमभाई ऑटोवाले म्हणाले, आता ढाणकीच्या रस्त्यानं एकट्यानं जायची भीती वाटते.

तुमचे नियम मोजके होते. आपण होऊन चूक सुधारायची नाही, तोंडावरही दिसू द्यायची नाही. मुलानं धरली की म्हणायचं, "हो, चुकलो, मग कसं?" आणि पुढं गप्प बसून त्याचं ऐकायचं. त्यानं धरली नाही तर बरोबर उत्तर सांगायचं नाही. "ते मी पाहीन," तुम्ही म्हणालात. "न धरलेली चूकच माझ्या कामाची. त्यानं मले समजते का त्या पोराले अजून शिकवणं राहिलं."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की पालक दारात उभे राहायचे, एकेक जण पुढे येऊन सांगायचा आणि तुम्ही वहीत खूण करायचात. धरली असेल तर बरोबरची खूण, नाही धरली तर गोल. आता विचार केला की दिसतं, अक्षर न येणारी माणसं त्या रांगेत माझ्याइतकीच ताठ उभी असायची. कोणाला काही येत नाही हे उघडं पडायची तिथं भीतीच नव्हती.

पण हे मला आता दिसतं. जूनमध्ये मला राग आला होता.

आमच्या घरी संध्याकाळी वंदना होते. समता माझ्या शेजारी बसून पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते म्हणून झाल्यावर पाचच मिनिटांनी मुलीला सदतीस म्हणून त्र्याहत्तर दाखवायचे, हे मला जमणार नव्हतं. शिवाय मला वाटत होतं की बाप सांगतो ते मूल लक्षात ठेवतं, चुकीचं सांगितलं तर चुकीचं लक्षात ठेवेल. मी हे सगळं दोन पानांत लिहिलं आणि मुख्याध्यापकांना नेऊन दिलं. शेवटी लिहिलं की हा प्रकार बंद करावा.

मधल्या सुट्टीत त्यांनी आपल्या दोघांना बोलावलं. तुम्ही उभ्यानंच दोन्ही पानं वाचलीत आणि घडी घातलीत.

"छान लिहिलं आहे," तुम्ही म्हणालात. "पण खोटं म्हणता ते मले पटत नाही. नाटकात राजा झालेला माणूस खोटं बोलते काय?"

"पाहणाऱ्याला माहीत असतं की ते नाटक आहे," मी म्हणालो. "मुलाला माहीत नसतं."

मला वाटलं, आता चिडणार. तुम्ही म्हणालात, "हां. हे खरं आहे. यावर मले विचार करावा लागन."

मुख्याध्यापकांना बरं वाटलं असावं. ते म्हणाले, "चला, मिटलं. चहा घ्या."

"मिटलं कुठं सर, आता माझी पाळी आहे," असं म्हणून तुम्ही वर्गात गेलात आणि समताची वही घेऊन आलात. एक पान उघडून माझ्यापुढे धरलंत. पानाला मधोमध भोक होतं. खोडून खोडून कागद फाटला होता. आधी काय लिहिलं होतं ते बोट लावून तुम्ही मला दाखवलंत, पुसट दिसत होतं. ते बरोबरच होतं.

"तुमच्या पोरीले सगळं येते," तुम्ही म्हणालात. "पण मी काही विचारलं का ती आधी माझ्या तोंडाकडे पाहते. तोंडावर उत्तर लिहिलेलं असल्यासारखं. मग बोलतच नाही. शाळा सुरू झाल्यापासून मी तिचा आवाज हजेरीच्या टायमाले ऐकला, तेवढाच."

"घरी चांगली बोलते," मी म्हणालो.

"घरी तुम्ही तिच्यासमोर किती वेळा चुकता?"

मी घरी चुकत नव्हतो. मी चुका काढत होतो. लग्नपत्रिकेतल्या, दुकानांच्या पाट्यांवरच्या, समताच्या चित्रातल्या बकरीच्या पायांतल्या. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. मी चौथीत असताना जे काही घडाघडा वाचून दाखवायचो त्याला ते मान डोलवायचे, चूक असो की बरोबर. आपलं चुकलं तर सांगणारं घरात कोणी असावं असं तेव्हा मला फार वाटायचं. समताला ते मिळावं म्हणून मी सांगत आलो. मुलीला मदत करणं म्हणजे हेच, असं मी धरून चाललो होतो.

तुमच्या पाटीप्रमाणे वागायचं मी कबूल केलं. पहिले काही आठवडे मी टाळत राहिलो आणि शनिवारी कॉलेजचं काम सांगून दारात आलोच नाही. मग हातच्याची वजाबाकी आली. पाटीवर होतं: बत्तीसमधून पंधरा गेले की सत्तावीस उरतात, असं सांगा. समता अंगणात वही घेऊन बसली होती. तिनं नेमकं तेच गणित सोडवलं होतं आणि सतरा लिहिले होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "बत्तीसमधून पंधरा गेले म्हणजे सत्तावीस ना?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर मी काही दिसू दिलं नाही, तुमचा नियमच होता तो. तिनं दप्तरातून खोडरबर काढला, सतरा खोडले, कागदावर फुंकर मारली, सत्तावीस लिहिले आणि म्हणाली, "हो बाबा. माझंच चुकलं."

तिची आई आतून ऐकत होती. ती दारात आली. "आता सांगा न तिले बरोबर काय ते."

"मॅडमनी सांगितलं आहे, सांगायचं नाही."

"मॅडमचं मॅडमजवळ. पोट्टी चुकीचं लिहून बसली न इथं."

मी सांगितलं नाही. तो मंगळवार होता. शनिवारी मी तुमच्या दारातल्या रांगेत पहिल्यांदा उभा राहिलो. माझ्यापुढे कमळीबाई होती. ती जवळजवळ ओरडतच म्हणाली, "मॅडम, माहा अंकुश मले काय म्हनते माहीत हाय का? म्हनते, याडी, तुले काईच येत नाई! दहाचा गठ्ठा सोडल्याबिगर दोनातून पाच कसे काढशीन? धरली, मॅडम, धरली!" रांगेतली माणसं हसली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की जणू बक्षीस तिलाच मिळालं होतं.

मग तुम्ही वहीतून मान वर न करता विचारलंत, "समताचे बाबा?"

मी म्हणालो, "धरली."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि वहीत लिहिलंत.

मॅडम, ही ती गोष्ट. चौथ्या शीलावरून मी तुमच्याविरुद्ध दोन पानं लिहिली होती, आणि तुमच्या वर्गाच्या दारात मी तुम्हाला खोटं सांगितलं. अंकुशची आई सही करताना अंगठा लावते. तिच्या मुलानं चूक धरली होती आणि ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाच्या मुलीनं आपलं बरोबर उत्तर खोडलं होतं. ते मला चारचौघांत सांगता आलं नाही. कारण एवढंच होतं.

सोमवारी सकाळी मी एसटीची वाट पाहत उभा होतो. तुम्ही शाळेकडे निघाला होता, मला पाहून थांबलात.

"जयभीम, समताचे बाबा. तुमच्या पत्रावर मी विचार केला."

"मग?"

"तुम्हाले खोटं चुकता येत नाही. तुम्ही खरं चुका."

मला कळलं नाही. तुम्ही सांगितलंत, वर्गात तुम्ही मुलांना गोरबोलीत मोजायला शिकवता, तांड्यावरची मुलं गावातल्या मुलांना शिकवतात, आणि समताला वीसपर्यंत येतं. "तुम्हाले येते काय?"

"नाही."

"मग तिच्याकडून शिका. ही तुमची पाटी. बाकीच्यांची वेगळी."

थांब्याला लागून ऑटो उभा करून सलीमभाई बसले होते. त्यांनी मान बाहेर काढली. "सरले बी होमवर्क देल्ला काय मॅडम? आता कॉपी नका करू सर, आमचं लक्ष हाय."

त्या संध्याकाळी मी समताला म्हणालो, मला शिकव. तिचा विश्वास बसला नाही. "तुम्ही परीक्षा घेऊन राह्यले ना?" तिनं विचारलं. मी सांगितलं की मला खरंच येत नाही. तिनं हाताची बोटं पुढे धरली. मी सुरुवात केली, "एक, दोन..."

"दोन नाई बाबा. दी."

मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा दोन म्हणालो. तिसऱ्या वेळी दी आलं पण पुढे घसरलो. "काहून विसरता तुम्ही?" ती म्हणाली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हो, चुकलो, मग कसं?" हे तुमचं वाक्य होतं, पण त्या वेळी मला ते खरोखर विचारायचं होतं. ती हसायला लागली आणि मग सगळं पहिल्यापासून सांगू लागली. सांगताना ती आपल्या बोटांकडे पाहत होती. माझ्या तोंडाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही आम्हाला तांड्यावर पाठवलंत. कमळीबाईनं तुरीच्या शेंगांची टोपली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मोजा भाऊ." भोवती सगळी मुलं. मी मोजायला लागलो आणि सात-आठ शेंगांवरच मराठीत घसरलो. मुलांनी एकच गलका केला. "भाऊ, तुमचं कॉलेज बंद पडलं काय?" कमळीबाई म्हणाली. समता पुढे आली आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, बोट नाचवत माझी चूक सांगितली. मी पुन्हा मोजलं. त्या दिवशी मी पाच वेळा चुकलो आणि पाचही वेळा तिनं धरलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही एकदा शाळेच्या फाटकाशी माझी वाट पाहत उभ्या होता. "आज तुमच्या पोरीचा आवाज ऐकला," तुम्ही म्हणालात. "सेहेचाळीस अधिक अडतीस विचारलं. हात वर केला. चौऱ्याहत्तर म्हणाली, मस्त जोरात. सगळी पोरं ओरडली, चूक! मले वाटलं आता बसते रडत. तं म्हणते कशी, हो, चुकलं, मग कसं?" चुकीच्या उत्तरावर इतके खूश झालेले शिक्षक मी याआधी पाहिले नव्हते. मी म्हणालो, "मी आपला अत्यंत आभारी आहे." तुम्ही म्हणालात, "पत्रासारखं बोलू नका हो समताचे बाबा." तेव्हा सांगता आलं असतं. फाटकाशी आपण दोघंच होतो. मी नाही सांगितलं.

आपली दोन भांडणं मिटली नाहीत. एक खोटेपणाचं. माझ्यापुरता तुम्ही मार्ग काढलात, पण बाकीचे पालक मुद्दाम चुकतच होते आणि मुलांना ते माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये मी ते पुन्हा काढलं. तुम्ही म्हणालात, "संक्रांत होऊ द्या, मग बोलू. आता पोरांच्या चाचण्या आहेत." एव्हाना मुलांना सगळं कळलेलं असणार असं मला वाटतं. दर आठवड्याला आईबाप एकाच प्रकारे चुकतात हे सात वर्षांच्या मुलाला कळल्याशिवाय राहणार नाही. तसं असेल तर ते नाटकच झालं आणि तुमचं बरोबर निघालं. पण हे तुमच्याकडून ऐकायचं होतं.

दुसरं, न धरलेली चूक तशीच ठेवण्याचं. यात तुमचं चुकत होतं असं मला अजून वाटतं. समताच्या वहीत सत्तावीस चार दिवस तसेच राहिले. शाळेत वही तपासून होईपर्यंत ती ते खरं मानून बसली होती. तुम्ही म्हणाला असता की घरी सांगितलं असतं तर तिला उत्तर मिळालं असतं, वजाबाकी मिळाली नसती. हे मला कळतं. तरी चार दिवस जास्त होतात.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी समताला आणायला शाळेत गेलो. दारात रांग होती. कोणी बोलावलं नव्हतं. पाटीवर तुमच्याच अक्षरात सोमवारी लिहिलेलं होतं: या आठवड्यात घड्याळ. घरी: लहान काट्याला मोठा समजून वेळ सांगा. कमळीबाई पुढे होती. मी तिला विचारलं, तुम्ही चूक केली का या आठवड्यात. ती म्हणाली, "मॅडम गेल्या, पाटी तं हाय न भाऊ." मग म्हणाली, "आमच्या बोलीत बोलनारी या शाळेत ती एकच होती."

मुख्याध्यापक चौथीचा वर्ग सोडून आले. रांगेकडे पाहत राहिले. मग तुमचं कपाट उघडून वही काढली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही लिहून घ्या," ते म्हणाले.

मी वही उघडली. डाव्या बाजूला तेवीस नावं, वर शनिवारच्या तारखा, खाली तुमच्या खुणा. समताच्या नावासमोर मी हातच्याच्या वजाबाकीचा आठवडा शोधला. तिथं गोल होता. आधी बरोबरची खूण करून मग बदललेली नव्हती. थेट गोल होता. म्हणजे मी दारात उभा राहून "धरली" म्हणालो तेव्हा तुम्ही समताची वही पाहिलेली होती, खोडलेले सतरा पाहिले होते. माझं ऐकलंत, बरं म्हणालात आणि खरं ते लिहिलंत. गोलाच्या शेजारी बारीक अक्षरात होतं: बाबांसाठी वेगळं.

"भाऊ, लिवून राह्यले का झोपले?" मागून कोणीतरी म्हणालं. मी लिहायला लागलो.

मी खोटं बोललो, मॅडम. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही मला त्यावरून एका शब्दानं बोलला नाहीत, दोन दिवसांनी रस्त्यात थांबवून मला मोजायला शिकायला लावलंत. तुम्हाला माहीत होतं म्हणून मी सांगायचं काही उरत नाही, असं होत नाही. ते माझ्या तोंडून यायला हवं होतं आणि इतक्या महिन्यांत आलं नाही. तुमचे आभार मानायचेही राहिले, साध्या भाषेत. माझी मुलगी आता बोलते.

तुमच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. मुख्याध्यापक चौथी आणि दुसरी एकत्र बसवतात. पाटीवर घड्याळच आहे. त्यापुढे काय लिहायचं आणि कोणती चूक सांगायची, हे आमच्यापैकी कोणाला ठरवता येत नाही.

काल तुम्ही गेल्यानंतरचा दुसरा शनिवार होता. एकोणीस पालक आले. अकरा जणांच्या मुलांनी चूक धरली, आठ जणांच्या नाही. समता त्या आठांत आहे, ते मी रांगेत सगळ्यांसमोर सांगितलं. या वेळी मीही पाटीप्रमाणे चुकलो, तीन वाजले असताना तिला सव्वाबारा वाजले म्हणालो. ती म्हणाली, "नाई बाबा, पावणेतीन," आणि शेवटपर्यंत पावणेतीनवरच अडून बसली. मी चुकलो हे तिला कळलं, कुठं चुकलो ते नाही. मुख्याध्यापक म्हणाले, नावं लिहून ठेवा. आठ नावं लिहून ठेवली आहेत. त्या आठ मुलांना घड्याळ अजून कळलेलं नाही.